घर निघाले गावाला

मराठीत आपण घर ‘बांधतो’. गाठोडे बांधावे, गाय दाव्याला बांधावी, डोक्याला मुंडासे बांधावे, त्याच क्रियापदाने आपण घरही बांधतो. सिमेंटचा कालवलेला गिलावा आणि वीस मजल्यांचा सांगाडा यांत बांधण्यासारखे काय आहे? दोरी कुठे आहे, गाठ कुठे आहे? माझा आपला एक तर्क आहे. ज्या काळी हा शब्द रुळला, त्या काळी घर खरोखरीच बांधले जात असले पाहिजे. मेढी रोवायच्या, त्यांवर आडवे वासे टाकायचे, वेलीच्या किंवा काथ्याच्या दोरीने ते आवळायचे, आणि कारवीच्या काटक्यांचा कुड उभा करून त्याला शेणमातीने लिंपायचे. आजही आपण कोणत्याही कार्याची ‘मुहूर्तमेढ’ रोवतो. ही मेढ म्हणजे वर बेचके असलेला लाकडी खांब, हे मात्र उद्‌घाटनाला जमलेल्या मंडळींपैकी कितीजणांच्या ध्यानात असते, कोण जाणे!

आणि जे बांधता येते, ते सोडताही येते. म्हणूनच आपल्या भाषेत घर उभारण्याच्या शब्दांइतकेच घर हलवण्याचेही शब्द आहेत. बिऱ्हाड हलवणे, चंबूगबाळे आवरणे, गाशा गुंडाळणे. ‘गाशा’ हे घोड्याच्या खोगिरावर घालायचे कापड. ते गुंडाळले की स्वार निघाला! आमच्या बदलापुरात तर हा वाक्प्रचार अगदी चपखल बसतो. कारण मराठी घोडेस्वार या ठिकाणी घोडे बदलीत म्हणून गावाचे नाव बदलापूर, अशी गोष्ट येथे जो तो सांगतो. गावाच्या नावाची गोष्ट आजीच्या गोष्टीसारखी ऐकावी, तिच्याकडे कागदपत्रे मागू नयेत. मला ती आवडते एवढे खरे. घोडे गेले, आगगाडी आली, आता परळ-लालबागच्या चाळींतून डोंबिवलीला आणि डोंबिवलीहून बदलापूरला अशी माणसे बदलत येतात. पण माणसांचे बिऱ्हाड हलते यात नवल ते काय? मला आज सांगायचे आहे ते बिऱ्हाडाबद्दल नव्हे, प्रत्यक्ष घराबद्दल. भिंती, छप्पर, दार-खिडक्या यांसकट जे एका जागेवरून उठते आणि दुसऱ्या जागी जाऊन बसते, त्या घराबद्दल.

हा थाट पूर्वी बादशहाचाच असे. औरंगजेब काश्मीरला निघाला त्या प्रवासात बर्निए नावाचा फ्रेंच वैद्य त्याच्याबरोबर होता. त्याने लिहून ठेवले आहे की बादशहाच्या छावणीचे दोन संच असत. एक संच आज मुक्कामाला असे, दुसरा उद्याच्या जागी पुढे रवाना झालेला असे. या पुढे जाणाऱ्या संचाला ‘पेशखाना’ म्हणत आणि तो वाहायला साठाहून अधिक हत्ती आणि दोनशे उंट लागत. पुढे हाच बादशहा दक्षिणेत उतरला आणि १६९५ ते १६९९ पर्यंत भीमेकाठी ब्रह्मपुरीस ठाण मांडून बसला. तंबूंचे शहरच वसले म्हणा ना! त्याच्यापुढे मराठ्यांची फौज किती हलकी! राहुटीही जड वाटली तर ती टाकून जाणारी माणसे ती. फिरत्या घराचा पहिला नियम येथेच कळतो: ते जितके हलके, तितके ते खरे फिरते.

लोखंड आले आणि बादशाही थाट सामान्यांच्या आवाक्यात आला. १८२९ साली लंडनच्या गोदीतील हेन्री रॉबिन्सन पामर या इंजिनियराने पत्र्याला लाटा देण्याचे पेटंट घेतले. साधा पातळ पत्रा हातात धरला तर लवतो. त्यालाच लाटा पाडल्या की तो ताठ उभा राहतो. कागदाची पंख्यासारखी घडी घालून पाहा, तीच किमया. पुढे त्याच्यावर जस्ताचा मुलामा चढवण्याची युक्ती निघाली आणि पत्रा गंजापासून वाचला. हा पन्हळी पत्रा जहाजातून जगभर गेला. १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धात ब्रुनेल या इंजिनियराने इंग्लंडात लाकडी इस्पितळाचे सुटे भाग तयार करून ते जहाजाने डार्डानेल्सच्या किनाऱ्यावर पाठवले आणि तेथे जोडले. लंडनचा प्रसिद्ध काचमहाल १८५१ च्या प्रदर्शनासाठी हाइड पार्कात उभा राहिला, प्रदर्शन संपल्यावर सुटा झाला आणि १८५४ साली सिडनहॅमला पुन्हा उभा राहिला. आणि आपल्या मुंबईत काळा घोड्यापाशी असलेले वॉटसन हॉटेल? त्याचा बिडाचा सांगाडा इंग्लंडातच ओतला गेला, समुद्रमार्गे आला आणि १८६७ ते १८६९ या काळात येथे जोडला गेला. याच हॉटेलात १८९६ च्या जुलैत ल्युमिए बंधूंची हलती चित्रे आपल्या देशात प्रथम दाखवली गेली. हलत आलेल्या इमारतीत हलती चित्रे! योगायोग असावा तर असा.

पण हे सगळे दूरचे झाले. आमच्या उल्हास नदीच्या काठाकाठाने, कल्याणपासून बदलापूरपर्यंत, तात्पुरत्या घरांचा इतिहास पायाखालीच आहे.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या माळावर लष्कराची मोठी छावणी पडली. दोन हजारांहून अधिक बराकी उभ्या राहिल्या. मधोमध लांबलचक दालन, दोन्ही अंगांना खोल्या, असा बहुतेकींचा नमुना. लढाई संपली, शिपाई गेले, बराकी ओस पडल्या. आणि तेवढ्यात फाळणी झाली. सिंधमधून निघालेली कुटुंबे बोटींनी आणि गाड्यांनी येथे येऊन पोहोचली. त्यांची घरे हलली नव्हती; ती तिकडेच राहिली, कुलपांसकट. इकडे त्यांना मिळाली दुसऱ्या कोणासाठी तरी, आणि तीही लढाईपुरती, बांधलेली छप्परे. एकेका दालनात अनेक कुटुंबे आणि दोन संसारांमध्ये गोणपाटाचा पडदा. या पडद्याला भिंत म्हणावे की नाही? ज्या बाईने त्या पडद्याआड स्वयंपाक केला, बाळंतपण काढले, मुलीचे लग्न ठरवले, तिने त्याला भिंतच म्हटले असेल. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची पायाभरणी झाली आणि तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. नाव बदलले, पण जीभ बदलली नाही. आजही रिक्षावाला तुम्हाला विचारतो, “कॅम्प नंबर किती?” आणि तुम्ही म्हणता, “तीन.” लष्कर जाऊन पाऊणशे वर्षे उलटली तरी पत्ता छावणीचाच!

येथे मला नेहमी एक गंमत वाटते. जे कायमचे म्हणून बांधले ते सिंधमध्ये सुटले, आणि जे चार वर्षांसाठी म्हणून बांधले ते पिढ्यानपिढ्या पुरले. पडद्याच्या जागी विटा आल्या, बराकीच्या पुढे ओटा आला, ओट्यावर दुकान आले, दुकानावर मजला आला. तात्पुरत्या घराला आपण तात्पुरते आहोत हे कोणी तरी सांगावे लागते. एरवी ते आपल्याला ठाऊकच नसते.

आता बदलापूर. येथे कोठेही उभे राहा, नव्या इमारतीच्या पायाशेजारी निळ्या पत्र्याची एक शेड आणि पांढऱ्या रंगाची एक पेटीवजा खोली दिसेलच. शेडमध्ये मजूर, पेटीत ऑफिस. इमारत पुरी झाली की इमारत तेथेच राहते आणि हे दोघे पुढच्या प्लॉटवर निघतात. या पेटीला सगळे ‘पोर्टा केबिन’ म्हणतात. लोखंडी चौकट, दोन पत्र्यांच्या मध्ये फोमचा थर, खाली प्लायवूडची जमीन, आणि वर चार कोपऱ्यांना चार कड्या. हायड्रा नावाची ती पुढे सोंड काढलेली क्रेन येते, चार कड्यांत साखळ्या अडकवते, आणि अख्खे ऑफिस, भिंतीवरच्या कॅलेंडरासकट, हवेत उचलून ट्रेलरवर ठेवते. चारही साखळ्या सारख्या ताणात हव्यात. एक जरी ढिली राहिली तर चौकट पिळवटते, आणि एकदा पिळवटलेल्या केबिनचे दार पुन्हा धड लागत नाही.

जहाजावरचा माल वाहायचा कंटेनर कापून त्याचेही ऑफिस करतात. वीस फुटी कंटेनर आठ फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच असतो, आणि रिकामा असला तरी सुमारे सव्वादोन टन भरतो. ही आठ फूट रुंदी रस्त्यावर फार सोयीची, कारण आपल्या मोटार वाहन नियमांत वाहनाची रुंदी २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फुटांच्या आसपास, इतकीच धरलेली आहे. दहा फूट रुंदीची केबिन राहायला ऐसपैस, पण रस्त्यावर ती वाढीव माप ठरते. मग परवानगी आली, रात्रीचा प्रवास आला, झाडांच्या फांद्या आणि लोंबत्या तारा काठीने वर धरणारा माणूस आला. घराची रुंदी राहणाऱ्याच्या गरजेने नव्हे तर रस्त्याच्या कायद्याने ठरते, हे फिरत्या घराचे दुसरे वैशिष्ट्य.

तिसरे वैशिष्ट्य उल्हास नदी शिकवते. २६ जुलै २००५ चा पूर कोण विसरेल? आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावे लागले, तेही ताजेच आहे. अशा गावात कंटेनर ठेवणाऱ्याने एक छोटे गणित करून पाहावे. सव्वादोन टनांची पेटी, तळ एकशे साठ चौरस फुटांचा. फटी घट्ट बंद असतील तर जेमतेम अर्धा फूट पाणी चढले की ती तरंगायला लागेल! घर जड असते म्हणून जागेवर राहते. हलके घर जमिनीला बोल्टांनी धरून ठेवावे लागते. हलवता येणाऱ्या घराला आधी न हलायला शिकवावे लागते, म्हणा ना.

केबिन हलवणे हा पैशाचा आणि क्रेनचा खेळ. खरी कसोटी लागते ती साध्या पत्र्याच्या शेडला. गेल्या वर्षी वैशाखात आमच्या गल्लीतल्या काकूंची शेड हलली, तेव्हा हे सगळे मी दोन दिवस जवळून पाहिले. दहा बाय पंधरा फुटांची शेड. काकूंचे यजमान नोकरीवरून मोकळे झाले तेव्हा मिळालेल्या फंडातून त्यांनी ती एका नातलगाच्या प्लॉटवर उभी केली होती. ते गेल्यावर काकू त्यात भाजणी, चकल्या, कडबोळी करून विकू लागल्या. चार बायका हाताखाली. दिवाळीच्या पंधरा दिवसांत वर्षाची निम्मी कमाई. प्लॉट विकला गेला आणि पाऊस सुरू होण्याआधी जागा मोकळी करा, असा निरोप आला.

भंगारवाला सर्वांत आधी आला. अशा वेळी तो कसा काय पोहोचतो, हे एक कोडेच आहे. किलोला तीस रुपये म्हणाला. पत्रे अडीचशे किलो, अँगल तीनशे किलो, म्हणजे साडेसोळा हजार. नवी शेड करायला सत्तर-पंच्याहत्तर हजार लागले असते. हीच सोडवून पलीकडच्या आळीत, भाच्याच्या घरामागे, पुन्हा उभी करायला उल्हासनगरचा एक मिस्त्री अठरा हजार मागत होता. काकूंनी रात्रभर विचार केला आणि सकाळी मला म्हणाल्या, “सर, अठरा हजारांत तीच उभी राहत असेल तर मोडीत कशाला घालू? ह्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलीय ती.”

मिस्त्रींनी प्रथम खडू काढला. प्रत्येक पत्र्यावर क्रमांक घातला: छपराचे वेगळे, चार भिंतींचे वेगळे. मग स्क्रू. गंजलेले स्क्रू सुटत नाहीत, त्यांची डोकी छाटावी लागतात. पत्रे खाली आले, आडव्या पट्ट्या आल्या, कैच्या आल्या. शेवटी उभे खांब, आणि तेथे घोडे अडले. खांब काँक्रीटमध्ये गाडलेले होते. ते गॅसने जमिनीलगत कापावे लागले. म्हणजे खांब पाच इंच बुटके झाले! खांब बुटके झाले की भिंतीचा पत्रा लांब होतो आणि शटर बसत नाही. एका पाचइंची चुकीने सगळ्या घराचे माप कसे बिघडते ते मी तेव्हा पाहिले. मिस्त्रींनी खांबांखाली लोखंडी तुकडे जोडून उंची भरून काढली, तळाला जाड चौकोनी प्लेटा वेल्ड केल्या आणि नव्या जागी त्या बोल्टांवर बसवल्या.

“आता गाडायचं नाय काकू,” ते म्हणाले, “पुढच्या येळेला नट सोडला की झालं.”

“पुढच्या वेळची सोय आत्ताच करून ठेवताय होय?” काकूंनी विचारले.

“बदलापूर आहे काकू.”

सगळे हसले. काकूही हसल्या, पण जरा वेळाने.

नवी जागा आखणे हे शेडच्या हलण्यातले सर्वांत नाजूक काम. ओळंबा आणि गुण्या आहेतच, पण मिस्त्रींचा भरवसा दोरीवर. दहा आणि पंधरा फुटांच्या चौकटीचा कर्ण अठरा फूट आणि वर अडीच-तीन सूत यायला हवा. दोन्ही कर्ण सारखे आले तरच कोपरे काटकोनात. ते पायथागोरसचे नाव घेत नाहीत, दोरीला गाठ मारतात. माझ्या शाळेत हाच सिद्धान्त मला तीन वर्षे छळत होता. येथे तो पाच मिनिटांत सुटला.

आणि मग क्रमांकांनी दगा दिला. जुनी शेड पश्चिमेकडे तोंड करून होती, नवी दक्षिणेकडे. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. छपराचा एक पत्रा दुसऱ्यावर चढतो तेथे जी कड राहते, ती वाऱ्याच्या तोंडाला आली तर वारा तिच्यात बोटे घालतो, पाणी आत ढकलतो आणि एखाद्या रात्री पत्राच उचलून नेतो. म्हणून पत्रे वाऱ्याच्या पाठीकडून घालीत यायचे. म्हणजे क्रम उलटा. क्रम उलटला की जुनी भोके नव्या जागी येतात. मिस्त्री एकेका भोकाला रबरी वायसर आणि एम-सील लावीत बसले. मी विचारले, एवढे कशाला? त्यांनी दिलेले उत्तर मी वर्गात अलंकार शिकवताना सांगतो. “सर, पत्र्याला भोक असतं आणि भोकाला डोळा असतो. पाणी बराबर बघून येतं.”

या उलटापालटीत एक पत्रा मागे गटाराच्या बाजूला गेला. त्याच्यावर काकूंच्या यजमानांनी आतून ऑइलपेंटने लिहिले होते: ‘आज रोख, उद्या उधार’. अक्षर फार सुरेख नव्हे. ‘उधार’चा ‘र’ जागा न पुरल्याने खाली उतरलेला. काकू काही बोलल्या नाहीत, नुसत्या त्या पत्र्याकडे पाहत राहिल्या. मिस्त्रींनी शिडीवरून ते पाहिले, खाली उतरले, आठ स्क्रू सोडले आणि तो पत्रा पुढच्या भिंतीत, आतल्या अंगाने, गल्ल्यामागे आणून बसवला. त्यासाठी आणखी सोळा भोके बुजवावी लागली. त्याचे पैसे त्यांनी लावले नाहीत.

शेड दोन दिवसांत, एका टेंपोच्या दोन खेपांत हलली. पत्ता हलायला अडीच महिने लागले! विजेचा मीटर शेडबरोबर येत नाही. त्याला नवा अर्ज, जागामालकाचे संमतिपत्र. खाद्यपदार्थ विकण्याच्या नोंदणीवर जुना पत्ता. दुकानाच्या दाखल्यावर जुना पत्ता. शेड तात्पुरती असली तरी तिलाही परवानगी लागतेच. एका खिडकीवरच्या गृहस्थांनी काकूंना विचारले, “बाई, तुम्ही दुकान बदललं की जागा बदलली?” काकू म्हणाल्या, “जागा.” “मग हे नवीन बांधकाम झालं.” “नवीन नाही हो, जुनीच शेड आहे.” “मग जागा बदलली कशी?” हा संवाद मी शेजारी उभा राहून ऐकला आहे. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांनीही तो ऐकायला हवा होता. दिवाळीला मात्र मीटर लागला, आणि चकल्याही झाल्या.

त्या गृहस्थांची अडचण खोटी नव्हती म्हणा. आपल्या भाषेत मालमत्तेचे दोन वर्ग, स्थावर आणि जंगम. जे राहते ते स्थावर, जे चालते ते जंगम. १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्यातही जमीन आणि जमिनीला जखडलेली वस्तू ती स्थावर, असाच भाव आहे. मग काकूंची शेड कोण? काँक्रीटमध्ये गाडलेली होती तेव्हा स्थावर म्हणावी, तर ती हलली. बोल्टांवर बसली म्हणून जंगम म्हणावी, तर तिला घराचे नियम लागू. दोन्ही शब्दांच्या मधे, उंबरठ्यावर ती उभी आहे.

दगडाची देवळे हलतात, तेथे पत्र्याचे काय? गोव्यात सांगे तालुक्यात साळावली धरणाच्या पाण्याखाली कुर्डी गाव गेले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे हे गाव. तेथील प्राचीन महादेवाचे देऊळ पुरातत्त्व खात्याने दगड दगड सोडवून, दूर नेऊन, धरणाजवळ पुन्हा जसेच्या तसे उभारले. गाव मात्र हलले नाही. उन्हाळ्यात पाणी उतरले की त्याची जोती वर येतात आणि जुने गावकरी ती पाहायला जातात. पुण्यात कोथरूडचा मस्तानी महाल उतरवून दिनकर केळकरांनी त्याचे अवशेष आपल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले, तोही असाच. आपल्या जुन्या वाड्यांचे लाकूडकाम मुळी सुटे करता येण्याजोगेच असे. खांब, तुळया, कडीपाट, सगळे खाचा-खुंट्यांनी अडकवलेले. घराचे मापही ‘खणां’त, म्हणून पाच खणी घराचे तीन खणी करता येई.

धरण म्हटले की आम्हाला बारवी आठवते. १९७२ चे हे धरण बदलापूरच्या उशाशी आहे. कारखान्यांना आणि आमच्या नळांना त्याचे पाणी येते. त्याची उंची वाढत गेली तशी काठची आदिवासी घरे उठली. पाणी पिताना ही गोष्ट आठवावी असे मी म्हणत नाही. कोणाला आठवतही नाही.

पण ज्यांचे घर दरवर्षी उठते, त्यांच्याबद्दल लिहिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. आपण दिवाळीचे आकाशकंदील उतरवतो त्याच सुमारास बदलापूर, मुरबाड, कर्जतच्या डोंगरकुशीतल्या कातकरी वाड्या ओस पडू लागतात. भातकापणी संपली, हाताला काम उरले नाही, आणि वीटभट्टीच्या मालकाकडून घेतलेली उचल फेडायची असते. टेंपो येतो. त्यात मडकी, कोंबड्या, गोधड्या, म्हातारी, पोरे आणि एक-दोन प्लॅस्टिकचे कागद चढतात. हा कागद म्हणजे त्यांचे छप्पर. महाराष्ट्रात केंद्र सरकारने अतिमागास म्हणून नोंदलेल्या तीन आदिवासी जमाती आहेत, कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. काथ करणारे ते कातकरी. खैराची जंगले गेली आणि काथही गेला. राहिले ते नाव.

वाडीवरचे त्यांचे घर कारवीच्या कुडाचे. ते इतके हलके का, असे मी एकदा एका कार्यकर्त्याला विचारले होते. मला वाटले होते, दारिद्र्य, नाही तर परंपरा असे काही तो म्हणेल. तो म्हणाला, “जमीन त्यांची नाही. कितीतरी वाड्या दुसऱ्याच्या सात-बाऱ्यावर आहेत. मालकाने ऊठ म्हटलं तर उठता आलं पाहिजे. पक्कं घर बांधू लागले की मालकाला आधी कळतं.” मुंबईची वस्ती वाढत बदलापूरपर्यंत आली, तशी या जमिनींना किंमत आली, आणि ‘ऊठ’ म्हणण्याचे प्रसंगही वाढले. ज्याच्या पायाखालची जमीन त्याची नाही, त्याचे घर जंगमच राहणार.

भट्टीवरच्या खोपटाला इकडे ‘भोंगा’ म्हणतात. ऊसतोडणीच्या फडावर जशी चटयांची ‘कोपी’, मेंढपाळाचे जसे ‘पाल’, तसा हा भोंगा. उंची एवढी की माणसाने वाकूनच आत शिरावे. १९९० च्या दशकात विवेक व विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवरच्या मुलांसाठी तेथेच शाळा भरवल्या आणि त्यांचे नाव ठेवले ‘भोंगाशाळा’. साखर कारखान्यांच्या आवारातल्या साखरशाळांची ही सख्खी बहीण. मुलांना गावच्या शाळेत थांबवता येत नव्हते, तेव्हा शाळाच मुलांमागे चालत गेली. मराठी शब्दांच्या संग्रहात ‘आश्रमशाळा’, ‘रात्रशाळा’ हे शब्द आपण मिरवतो; ‘भोंगाशाळा’ हा शब्दही तेथे मानाने बसावा असा आहे.

या भोंग्याची रचना मी पाहिली आहे. पाया नाही, चुना नाही, सिमेंट नाही. भट्टीवरच्याच विटा एकावर एक नुसत्या रचायच्या, दारापुरती जागा सोडायची, वर बांबू टाकून तो प्लॅस्टिकचा कागद आणि गवत पसरायचे. विटा मालकाच्या. वैशाख सरत आला, वळवाचे ढग दिसू लागले की कागदाची घडी होते आणि टेंपो पुन्हा वाडीकडे वळतो. मागे राहिलेल्या भिंती उतरवून त्याही विक्रीच्या ढिगात जातात. त्यांच्यावर चुलीची काजळी धरलेली असते. गवंडी ती बाजू आत घालतो आणि वरून गिलावा करतो.